पांगाऱ्याचा बिंडा

आपल्या भाषेनें हलकेपणाला कधींच चांगलें वागविलेलें नाहीं. हलका मनुष्य, हलकें बोलणें, हलक्या कानाचा धनी—हें विशेषण ज्याच्यामागें लागलें त्याची पत गेलीच म्हणून समजावें. उलट ज्याच्या शब्दाला वजन आहे, ज्याची चाल भारदस्त आहे, त्याला सभेंत पुढची खुर्ची मिळते. आम्हां प्राध्यापक मंडळींना तर वजनाचें वेड अंमळ अधिकच. ग्रंथ जाड हवा, तळटीपा भरगच्च हव्यात, आणि व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्याचें डोकें जड झालें नाहीं तर व्याख्यात्यालाच चुकल्यासारखें वाटतें. पण एखाद्या नदीच्या कांठीं जाऊन उभें राहावें, म्हणजे प्रतिष्ठेचा हा सारा कोश उलटा होऊन जातो. तेथें जें जड तें बुडतें आणि जें हलकें तें तारतें. ही गोष्ट मीं कोणत्याही पुस्तकांत वाचण्यापूर्वीं स्वतःच्या पाठीवर बांधून घेतलेली होती. तिची आठवण नव्यानें होण्याचें कारण माझी मुलगी.

ती समुद्रविज्ञानाच्या अभ्यासासाठीं गोव्यास असते. गेल्या दिवाळींत ती घरीं आली तेव्हां तिच्या बरोबर एक चमत्कारिक फळी होती. लांबीला सुमारें साडेतीन फूट, रुंदीला पावणेदोन फूट, जाडी दोन बोटांहून थोडी अधिक. पुढचें टोंक बोथट, मागच्या अंगाला चंद्रकोरीसारखी खांच. वरची बाजू मऊ, खालची गुळगुळीत. हिला बॉडीबोर्ड म्हणतात. ही छातीखालीं धरायची, फुटणाऱ्या लाटेच्या तोंडाशीं पालथें पडायचें, आणि लाट नेईल तसें किनाऱ्याकडे घसरत यावयाचें, असा तो खेळ आहे. मीं ती फळी उचलून पाहिली, आणि हात अपेक्षेपेक्षां वर गेला. एवढी थोरली वस्तु, पण वजन दोन-अडीच किलोंच्या वर नसावें.

"अग, हिच्या पोटांत आहे तरी काय?" मीं विचारलें.

"तेंच तर खरं, बाबा," ती म्हणाली. "वरचं सगळं झाकण आहे. हिचं मोल काय तें आंतल्या गाभ्याचं."

आमच्या घरांत हा प्रश्न आणि हें उत्तर दोन्हींना जुना इतिहास आहे. वस्तूच्या पोटांत काय आहे यावर आमच्याकडे एकदां एका मनुष्याचें जगणें-मरणें ठरलेलें आहे.

आमचें मूळ गांव सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानांत. मुरबाड मागें टाकून सह्याद्रीच्या रोखानें निघालें कीं गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड अशीं एकाहून एक नाथपंथी नांवें भेटूं लागतात. त्यांतल्या सिद्धगडाच्या माचीवर नारमातेचें देऊळ आहे, आणि त्याच्या पाठीशीं भीमाशंकराचें दाट अरण्य उभें आहे. महाराष्ट्राला हें नांव ठाऊक आहे तें २ जानेवारी १९४३ या दिवसामुळें. त्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन देशभक्त या रानांत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, आणि आजही दर वर्षीं त्या तारखेस माणसें तेथें हुतात्म्यांना वंदन करावयास जमतात. माझ्या बालपणीं वडील मंडळींच्या तोंडून ती हकीकत मीं पुष्कळदां ऐकली. परंतु मुलाच्या मनांतला भूगोल निराळाच असतो. माझ्या लेखीं सिद्धगड म्हणजे माघ-फाल्गुनांत तांबडेंलाल होणारें पांगाऱ्याचें रान.

पांगारा हें झाड लोकांच्या नजरेंत भरतें तें वर्षांतून महिना-दीड महिना. पानें सगळीं गळून जातात, कांटेरी फांद्या उघड्या पडतात, आणि त्यांच्या शेंड्यांना पोवळ्याच्या रंगाचे तुरे फुटतात. मैना, बुलबुल, कावळे यांची त्या झाडावर पंगत बसते. स्वर्गांतल्या पांच देववृक्षांपैकीं मंदार तो हाच, असें कांहीं पंडित म्हणतात. संस्कृतांत त्याला पारिभद्र असेंही नांव आहे. पण नांव स्वर्गांतलें असलें तरी लांकूडतोड्याच्या दरबारीं त्याला मान नाहीं. त्याची तुळई होत नाहीं, खांब होत नाहीं, आणि चुलींत घातलें तर जळून पटकन् राख. सागाच्या मुलुखांत अशा लांकडाला कोण विचारणार? विचारीत ते दोघेच—सावंतवाडीचे खेळणीं करणारे चितारी, आणि पोहावयास शिकविणारा बाप.

आमच्या गांवीं पांगारा फुलला म्हणजे पोहण्याचे दिवस आले असें समजत. नदीचा जोर तोंवर ओसरलेला असे आणि खालच्या अंगाच्या डोहांतलें पाणी निवळून हिरवें झालेलें असे. वडिलांना आम्ही तात्या म्हणतों. ते शाळामास्तर. आदल्या वर्षीं तोडून सावलींत वाळविलेली पांगाऱ्याची फांदी ते माळ्यावरून काढीत. कांट्यांची साल तासून तिचे हातभर लांबीचे पांच तुकडे करीत, आणि ते काथ्याच्या दोरीनें एकत्र आंवळीत. हाच बिंडा. तो पाठीला बांधून ते मुलाला डोहांत सोडून देत आणि स्वतः कांठावर उभे राहून गणिताच्या तासाच्या आवाजांत हातपाय मारण्याच्या आज्ञा देत. चार दिवस गेले कीं पांचांतला एक तुकडा नाहींसा होई. आणखी चार दिवसांनीं दुसरा. केव्हां काढला हें ते सांगत नसत. एके दिवशीं पाठीला नुसती दोरी राही आणि आपण डोहाच्या मध्यावर असूं. गांवांतलीं दोन पिढ्यांचीं मुलें तात्यांनीं अशा रीतीनें पाण्यांत सोडलीं, आणि प्रत्येकाच्या बिंड्याचें लांकूड त्यांनीं स्वतः पारखलें. नखानें दाबून पाहायचें, बोटाच्या पेरानें वाजवून पाहायचें, नाकाशीं नेऊन वास घ्यायचा. ओल राहिलेली असेल तर तुकडा बाजूला जाई.

बिंडा हें कांहीं आमच्याच गांवचें वैशिष्ट्य नव्हे. माझें आजोळ शहापूरकडे, भातसेच्या कांठीं. तेथें मुलांच्या कमरेला वाळका भोपळा बांधीत. बांधणेंही सोपें, मिळणेंही सोपें. असे दोन भोपळे एकत्र जोडले म्हणजे त्यांना सांगड म्हणतात. आज आपण विचारांची सांगड घालतों, धर्म आणि व्यवहार यांची सांगड घालतों. परंतु मोल्सवर्थसाहेबांच्या कोशांत हा शब्द पाहावा, म्हणजे तो मूळचा पाण्यावरचा आहे हें कळतें. दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे जोडून नदी तरून जाण्याचें जें साधन तें सांगड. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायेला नदीचें रूपक दिलें आहे आणि ती तरून जाऊं पाहणाऱ्यांचे नाना उपाय सांगितले आहेत. तें रूपक ज्यांनीं पहिल्यानें ऐकलें त्या श्रोत्यांनीं ही साधनें पाठीवर-कमरेवर वागविलेलीं होतीं.

मात्र तात्यांनीं आमच्या घरांत भोपळा कधीं येऊं दिला नाहीं. याचें कारण मला बऱ्याच मोठेपणीं, आणि तेंही आईकडून, समजलें. तात्यांना दोन वर्षांनीं धाकटा असा एक भाऊ होता. तात्या सतरा वर्षांचे असतांना एका भाद्रपदांत आजी तापानें फणफणली होती. औषध नदीपलीकडच्या गांवीं मिळणार होतें. नदीला पाणी होतें, पण पुष्कळांनीं तिच्याहून अधिक पाण्यांत उडी घेतलेली होती. काका कमरेला भोपळा बांधून उतरले. मध्यावर गेल्यावर भोपळा खडकावर आपटला कीं वाहत्या ओंडक्यानें त्याला ठोसा दिला, हें कोणालाच दिसलें नाहीं. कांठावरच्यांना दिसलें तें एवढेंच कीं पाठीमागें तरंगणारा पिंवळा ठिपका नाहींसा झाला. तिसऱ्या दिवशीं दीड कोसावर ते सांपडले, आणि त्यांच्या कमरेला भोपळ्याचें नुसतें देंठाकडचें टवकल होतें. आजी बरी झाली आणि पुढें तीस वर्षें जगली.

आतां मुलीच्या फळीकडे वळतों. कारण या दोन गोष्टींच्या मध्यें जो दुवा आहे तो गाभ्याचाच आहे.

मनुष्याचें शरीर पाण्याहून फारसें जडही नाहीं आणि फारसें हलकेंही नाहीं. त्यामुळें त्याचें तोंड पाण्याबाहेर ठेवावयास चार-पांच किलोंचा उचल पुरतो. हा उचल मिळतो कोठून? आर्किमिडीज सांगून गेला त्याप्रमाणें, वस्तूनें बाजूला सारलेल्या पाण्याचें वजन आणि वस्तूचें स्वतःचें वजन यांतल्या फरकांतून. पाणी एक मानलें तर साग भरतो सुमारें पाऊण किंवा त्याहून थोडा कमी. वाळका पांगारा पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दक्षिण अमेरिकेंतल्या इक्वेडोरचें बालसा हें लांकूड सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढें. आणि मुलीच्या फळीचा गाभा केवळ तिसाव्या हिश्श्याच्या जवळपास. लांकूड असो वा आणखी कांहीं असो, या हलकेपणाचें मर्म एकच: पोटांत कोंडलेली हवा. रॉबर्ट हूकनें १६६५ सालीं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां त्याला मठांतल्या कोठड्यांसारखे असंख्य रिकामे कप्पे दिसले, आणि पेशीला इंग्रजींत आज जो शब्द आहे तो त्यानें तेथेंच योजला. पांगाऱ्याचें, बालसाचें, लग्नांतल्या बाशिंगाच्या भेंडाचें पोट असेंच आहे. त्या भेंडाच्याच जातीच्या गाभ्याची टोपी घालून गोऱ्या साहेबानें या देशाचें ऊन सोसलें. तिच्या सोला या नांवाचा सूर्याशीं कांहीं संबंध नाहीं, तें त्या वनस्पतीचें नांव आहे.

फळी मात्र नुसती तरंगून भागत नाहीं; तिनें लाटेच्या मारानें मोडतां कामा नये. येथें एक मोठी युक्ति आहे आणि ती निसर्गानें आपल्याआधीं योजलेली आहे. एखादी पट्टी वांकविली तर तिच्या एका पृष्ठावर ताण पडतो, दुसऱ्यावर दाब पडतो. अगदीं मधल्या भागाला जवळजवळ कांहींच सोसावें लागत नाहीं. तेव्हां बळकट द्रव्य दोन्ही पृष्ठांवर ठेवावें आणि मध्यें हलकें भरण घालावें. भरणाचें काम एवढेंच कीं दोन्ही पृष्ठांना परस्परांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणें. पक्ष्याचें हाड, बोरू, बांबू यांनीं तर मधलें भरणही सोडून दिलें. गेल्या महायुद्धांत इंग्रजांचें मॉस्किटो नांवाचें जें विमान गाजलें, त्याचें अंग बर्चच्या पातळ थरांमध्यें बालसाचा गाभा घालून केलेलें होतें. मुलीच्या फळीची रचना हीच: वर मऊ आच्छादन, खालीं गुळगुळीत कठीण कातडें, आणि मध्यें फेंस गोठवावा तसा एक पांढरा गाभा. कांहीं फळ्यांच्या गाभ्यांतून कोळशाच्या तंतूंची एखादी कांडीही घालतात, म्हणजे फळीला पाठीचा कणा मिळतो.

हा गाभा पॉलिएथिलीनचा असतो. त्याची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. इंग्लंडांत विनिंग्टन येथें १९३३ च्या मार्चांत फॉसेट आणि गिब्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ वायूंवर प्रचंड दाब देऊन कांहीं निराळेंच साधूं पाहत होते. तें साधलें नाहीं. पात्राच्या तळाशीं मेणासारखा थोडा पांढरा पदार्थ उरला. हाच पॉलिएथिलीन. १ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे हिटलरनें पोलंडवर चाल केली त्याच दिवशीं, त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. आणि सारें युद्ध तो पदार्थ रडारच्या तारांभोंवतीं वेष्टन म्हणून गुप्तपणें राबला. सिद्धगडाच्या रानांत इंग्रज सरकारच्या बंदुका वाजल्या त्या काळीं विलायतेंत ही गुप्त वस्तु तयार होत होती. तिच्यांत पुढें हवेचे बारीक बंद बुडबुडे कोंडून तिचा फेंस करण्यांत आला, आणि १९७१ च्या जुलैंत हवाई बेटावर टॉम मोरी नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें अशा फेंसाचा एक लांब तुकडा मधोमध कापला. हा मनुष्य गणिताचा पदवीधर. विमानांच्या कारखान्यांत त्यानें मिश्र द्रव्यांवर काम केलेलें. शिवाय ढोल वाजविण्याचा षौकी. त्यानें स्वयंपाकघरांतल्या विजेच्या सुरीनें फळीला आकार दिला, वर वर्तमानपत्र पसरून त्यावरून कपड्यांची इस्तरी फिरविली, म्हणजे पृष्ठ वितळून गुळगुळीत झालें. आणि लगेच ती समुद्रांत नेली. तो २०२१ सालीं वारला. आज जगांतल्या किनाऱ्यांवर मुलें ज्या फळ्या घेऊन धांवतात त्यांची ही गंगोत्री.

तेव्हांपासून गाभ्याचीं घराणीं झालीं. थंड समुद्रांत पॉलिएथिलीन चांगलें. तें लवचिक राहतें, फळी वांकते आणि पुन्हा सरळ होते. पण उष्ण पाण्यांत तेंच फार ढिलें पडतें. म्हणून आपल्यासारख्या समुद्रांत जाणते लोक पॉलिप्रॉपिलीनचा गाभा पसंत करतात. इटलींत नात्तानें १९५४ सालीं ज्याच्या घडणीचें रहस्य उकललें, आणि त्या कामासाठीं झीग्लरसह १९६३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें, तें हें द्रव्य. हें अधिक हलकें, अधिक ताठ, आणि उन्हांतही तसें राहणारें. अगदीं स्वस्त फळ्यांच्या पोटांत मात्र आपला मखरांतला थर्मोकोलच असतो. तो एखाद्या चांगल्या लाटेनें मधोमध मोडतो. मुलगी हें सगळें मला आमच्या ओटीवर बसून सांगत होती, आणि तिनें माझ्या तोंडावरचें आश्चर्य पाहून अखेरचा बाण सोडला.

"बाबा, मोरीच्या आधीं हवाईचे लोक कशावर पोहत, ठाऊक आहे? त्यांच्या सरदारांच्या लांब फळ्या विलिविली नांवाच्या लांकडाच्या असत. त्या बेटांवरचं सगळ्यांत हलकं लांकूड. आणि विलिविली म्हणजे कोण? आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलत भाऊ. एकच कूळ, तींच तीन-तीन पानं, तसाच पानं गाळून फुलणारा."

दोन किनाऱ्यांमध्यें अर्धी पृथ्वी पसरलेली. एकमेकांचें नांवही न ऐकलेलीं दोन माणसें. आणि दोघांनीं हात घातला तो एकाच कुळांतल्या झाडाला! वाङ्मयाच्या तासाला मी प्रभाव आणि अनुकरण यांविषयीं बोलत असतों. पण येथें कोणीं कोणाचें अनुकरण केलें? पाण्यानें प्रश्न एकच घातला, म्हणून उत्तरही एकच आलें. फरक असलाच तर म्हणींत आहे. विलिविली फुलला म्हणजे शार्क चावतो, असें हवाईचे लोक म्हणत; आमच्याकडे पांगारा फुलला म्हणजे मुलांना पाण्यांत सोडावयाचें. नातें येथेंच थांबत नाहीं. २००५ सालीं एका चिमुकल्या गांधीलमाशीनें हवाईंतल्या विलिविलीवर गांठी आणून झाडें जर्जर केलीं, आणि तोच कीटक त्या सुमारास दक्षिण भारतांतल्या पांगाऱ्यावरही आढळला. त्यांच्याकडे त्या माशीवर दुसरा परोपजीवी कीटक २००८ मध्यें सोडण्यांत आला, तेव्हां झाडें सांवरूं लागलीं.

आमचें बोलणें चाललें असतां तात्या आंतल्या झोपाळ्यावर होते. त्यांचें वय आतां पंच्याऐंशीच्या घरांत आहे. त्यांनीं ती फळी मागितली. ती मांडीवर आडवी घेतली, अंगठ्याच्या नखानें कडेला दाबली, आणि पडलेली खळी हळूहळू भरून येतांना ते बघत राहिले. मग पेरानें वाजवून पाहिली. वास घेतला, त्यांत त्यांना कांहींच सांपडलें नाहीं असें दिसलें.

"पाणी पिते का?" त्यांनीं नातीला विचारलें.

"नाहीं, आजोबा. आंतले कप्पे सगळे बंद आहेत. एकांतून दुसऱ्यांत वाट नाहीं."

"आणि फुटली तर?"

"दहा-वीस कप्पे फुटतील. बाकीचे हजारों धरून ठेवतील."

तात्या बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. फळीवरून त्यांचा हात फिरत होता. मग म्हणाले, "माझ्या भावाच्या भोपळ्याला एकच कप्पा होता."

त्या भावाचा उल्लेख त्यांच्या तोंडून मीं आयुष्यांत त्या दिवशीं पहिल्यानें ऐकला.

कांहीं वेळानें त्यांनींच पुढें विचारलें, "हें सुटतं केव्हां?"

नात हंसली. सुटत नाहीं, दंडाला दोरी असते, असें तिनें दाखविलें. त्यावर ते म्हणाले, "मग हा बिंडा नव्हे. हें खेळणं आहे. खेळणं म्हणून चांगलं आहे. दोरी तुटली तर परत यायला हातपाय आहेत ना?"

"तुम्हींच शिकवलंत कीं, आजोबा."

हें खरें होतें. ती सात वर्षांची असतांना एका उन्हाळ्यांत तात्यांनीं तिलाही त्याच डोहांत सोडलें होतें. तिची आई कांठावर डोळे मिटून उभी होती.

मुलगी गोव्यास परत गेल्यापासून दर रविवारीं सकाळीं माझें मन थोडें समुद्राकडे असतें. लाटांच्या खालीं ओढ असते, ती पाण्याला उलट नेते, चांगला पोहणाराही दमतो—हें सगळें मला वाचून ठाऊक आहे, आणि ज्याच्या घरांत एक मनुष्य पाण्यानें नेला आहे त्याला तें वाचण्याचीही फारशी जरूर नसते. फोन दुपारीं येतो. तोंपर्यंत वर्तमानपत्राचीं पानें मी उलटतों, वाचत नाहीं. तिला 'जाऊं नकोस' म्हणावें असें माझ्या अनेकदां जिभेवर येतें. मग तात्यांची शिकवणी आठवते. ज्याचा सख्खा भाऊ पाण्यांत गेला त्या मनुष्यापुढें दोन वाटा होत्या. गांवांतल्या मुलांना पाण्यापासून दूर ठेवणें ही एक. ती सोपी होती, आणि कोणीही तिला नांवें ठेविलीं नसतीं. त्यांनीं दुसरी धरली. तरण्याचें साधन त्यांनीं बदललें, तें स्वतः पारखलें, आणि मग त्यांतला एकेक तुकडा मुलाला न कळत काढून घेतला. कांठावर उभें राहून तो तुकडा काढतांना त्या माणसाला काय होत असेल, हें मला मुलगी मोठी झाल्यावर कळूं लागलें आहे. बापाच्या मायेचा बिंडा करतां येतो. पण तो पांच तुकड्यांचा असावा आणि त्याच्या गांठी सुटत्या असाव्यात.

आणखी एक हिशेब राहिला. बिंड्याचें आयुष्य एका उन्हाळ्याचें. पाऊस लागण्यापूर्वीं तो न्हाणीच्या चुलींत जाई आणि आठवड्याचें पाणी तापवून मोकळा होई. मुलीच्या फळीचें तसें नाहीं. पाण्याला जो गाभा दाद देत नाहीं तो मातीलाही देत नाहीं; जो गुण पाण्यावर तारतो तोच गुण किनाऱ्यावर डोईजड होतो. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलचीं ताटें-मखरें यांवर बंदी घातली, ती याच न मरणाऱ्या हलकेपणामुळें. माझी मुलगी आठवडाभर किनाऱ्यावरची वाळू चाळून तींत सांपडणारे प्लॅस्टिकचे कण मोजते आणि रविवारीं त्याच द्रव्याच्या फळीवर पालथी पडते. हा विरोध तिच्या ध्यानांत नाहीं असें नाहीं. ती म्हणते, ही एक फळी मी दहा वर्षें वापरीन, आणि मोडली तर फेंकणार नाहीं. तिच्या पिढीला आमच्याहून अवघड उदाहरणें सोडवावयाचीं आहेत. तीं ती निदान पाटीवर मांडते, एवढें मला दिसतें.

गांवीं आतां पांगारे कमी झाले आहेत. मुलें पोहावयास शिकतात तीं मोटारीच्या जुन्या नळीवर, म्हणजे पुन्हां एकाच कप्प्यावर. तात्यांना हें कोणीं तरी सांगितलें असावें. पांगाऱ्याची एक गंमत आहे: त्याला बीं पेरावें लागत नाहीं, पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी जमिनींत रोंवली तरी ती फुटते, म्हणून शेताच्या कुंपणाला तो लावतात. यंदाच्या ज्येष्ठांत तात्यांनीं मला गांवीं पाठवून डोहाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेनें बारा खुंट लावून घेतले. ते स्वतः येऊं शकले नाहींत; फोनवरून एकेक खुंट किती खोल गेला तें विचारीत होते. त्यांतले नऊ जगले आहेत. त्यांच्या फांद्या बिंड्याजोग्या होण्यास चार-पांच वर्षें लागतील, आणि तोडलेली फांदी वाळावयास आणखी एक. तात्यांनीं हा हिशेब केलेला नसेल असें मला वाटत नाहीं. ते गणित शिकवीत असत.